घरच्या जेवणाचे आठ पाट

नेरूळच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आम्ही दोघं ठाण्यात एका घरी पैसे भरून जेवायला गेलो होतो. माणशी ११०० रुपये. जेवण सुरेख होतं, पण सगळा वेळ अवघडून बसलो. आपण गिऱ्हाईक की पाहुणे, तेच कळेना. अशी घरं निवडायची कशी आणि तिथं वागायचं कसं? आणि माझ्या सासूबाई आगरी जेवण फार छान करतात. त्यांनी असं काही सुरू करावं का?"

ताई, मी ठाण्यातल्या चरईत राहते. तळमजल्यावरचं जुनं घर आहे, मागे छोटंसं अंगण आहे. २०१४ पासून बहुतेक रविवारी दुपारी आमच्याकडे लोक पैसे भरून जेवायला येतात. सीकेपी जेवण, ठरलेला बेत, आठ माणसं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला या आठ आकड्यातच दिसतात, म्हणून आधी आठच का ते सांगते.

पहिल्या वर्षी मी चौदा माणसं घेतली होती. ओळखीतल्या एकांनी गळ घातली, मलाही हुरूप आला. भांडी होती, शेजारणीकडून खुर्च्या आणल्या, कोलंबी आणि सुरमई भरपूर घेतली. काहीही कमी पडलं नाही, तरी जेवण बिघडलं. माझ्या तव्यावर सुरमईच्या चार तुकड्या बसतात आणि मंद आचेवर त्यांना सात-आठ मिनिटं लागतात. दोन शेगड्यांवर दोन तवे ठेवले की आठ तुकड्या एकदम उतरतात आणि आठ पानांवर गरम पडतात. चौदा माणसांना मात्र दुसरा घाणा लागला. पहिल्यांची आमटी-भात होऊन सोलकढी आली, तेव्हा उरलेल्या सहांना मासा मिळाला. त्यातल्या एक आजी वाट बघून बघून वरण-भातावरच उठल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. माझ्या घरात आलेलं माणूस अर्धपोटी गेलं होतं. त्या दिवसापासून आठच्या वर एकही पान नाही. नवव्या माणसाला मी पुढच्या रविवारची तारीख देते.

प्रत्येक घरात एक अडलेली जागा असते. कुठे तवा, कुठे एकच संडास, कुठे वाढायला माणूस नसणं, कुठे घरातल्या आजारी माणसाची झोप. त्या जागेतून जितकं सुखानं निघतं, तितकीच माणसं बसवायची. हॉटेल वाढलं की चौथी शेगडी घेतं, आणखी दोन पोरं ठेवतं. घरानं तसं करायचं ठरवलं की ते घर राहत नाही, आणि लोक ज्यासाठी येतात तेच हरवतं.

हे काही आजचं नाही. गिरणगावातल्या चाळींमध्ये कितीतरी बायका दहा बाय दहाच्या खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायच्या. पाळी सुटली की एक पंगत उठायची, दुसरी बसायची. महिन्याचे पैसे ठरलेले असत, पण बाई रोज दुकानदाराकडून उधारीवर सामान आणायची आणि व्याजात पिचून जायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. आज 'घरी जेवायला बसवणं' हे काहीतरी नवीन निघालंय असं कुणी म्हणालं की मला त्या बायका आठवतात. फरक एवढाच, की तिथे कामगार रोजची भूक घेऊन यायचे आणि आमच्याकडे लोक आठवडाभर वाट बघून येतात.

आमच्याकडे येणारे एक गृहस्थ क्यूबाला जाऊन आले होते. तिथे अशा घरगुती जेवणघरांना 'पालादार' म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. पुढे मी त्याबद्दल वाचलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदच्या दशकात तिथे मोठी टंचाई आली, आणि सरकारनं लोकांना स्वतःच्या घरात जेवण विकायला परवानगी दिली. नाव पडलं ब्राझीलच्या एका दूरदर्शन मालिकेवरून. तिची नायिका किनाऱ्यावर खाणं विकता विकता स्वतःचा धंदा उभा करते, त्या धंद्याचं नाव पालादार. सुरुवातीला तिथे बाराच खुर्च्यांची मर्यादा होती. कामाला घरचीच माणसं, लॉबस्टर आणि गोमांस विकायला बंदी. पुढे मर्यादा वाढत २०११ मध्ये पन्नासवर गेली. तिथे आकडा सरकारनं ठरवला आणि माझा माझ्या तव्यानं. पण बारा खुर्च्यांचं जेवण आणि पन्नास खुर्च्यांचं जेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगात कुठेही चूल पेटवणाऱ्याला न सांगता कळेल.

आता किमतीचं सांगते, कारण "घरचंच तर जेवण, मग एवढे पैसे कसले" हे मी पुष्कळ ऐकलंय. साधं वालाचं बिरडं घ्या. रविवारी पानात पडायचं असेल तर शुक्रवारी सकाळी कडवे वाल भिजतात. रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे. शनिवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी सोलायची. अर्धा किलो वाल सोलायला मला एकटीला सव्वा तास लागतो, आणि सोलताना डाळिंबी मोडली तर ती बाजूला काढावी लागते, नाहीतर शिजताना तिचा लगदा होऊन रस्सा पिठूळ होतो. एवढं झाल्यावर कांदा, हळद, तिखट, ओलं खोबरं, आमसूल आणि गूळ, बस. हलवायचं जवळजवळ नाहीच. ताटात ती एक छोटी वाटी असते, पण तिच्यामागे तीन दिवस असतात.

मी सध्या माणशी ९५० रुपये घेते, म्हणजे आठ जणांचे ७६००. मासळी आणि कोलंबीचे साधारण २६०० जातात. वाल, नारळ, तांदूळ, तेल, भाजी, गोड मिळून १३००. वाढपाला आणि भांड्यांना एक ताई येतात, त्यांचे ८००. गॅस, साबण, धुणं, नॅपकिन यांचे ४००. राहतात २५००, आणि काम शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. मला हे परवडतं, कारण घर माझं आहे आणि निवृत्तीवेतनही येतं. ज्यांचं घर यावरच चालायचं आहे, त्यांनी ११०० घेतले तर ते जास्त नाहीत. तुमच्या जेवणाची किंमत मला रास्त वाटते.

गिऱ्हाईक की पाहुणे, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. पैशाचा सगळा व्यवहार उंबऱ्याच्या बाहेर संपला पाहिजे. मी पूर्ण रक्कम गुरुवारपर्यंत घेते. रविवारी दारात किंवा पानावर पैशाचं नाव निघत नाही. तुम्ही चपला काढून आत आलात की पाहुण्या. मी दुसऱ्यांदा भात घेता का विचारते तेव्हा हिशोब मनात नसतो, आणि तुम्ही "अजून थोडं खडखडलं मिळेल का?" (हा आमच्याकडचा कोलंबीचा सुका प्रकार) म्हणालात तर मला बरंच वाटतं. तुमचं अवघडलेपण कुठून आलं असेल, त्याचा अंदाज सांगते. त्या घरी बहुधा जेवण झाल्यावर पैसे द्यायचे होते, नाहीतर "आपलंच घर समजा" असं म्हणून मग प्रत्येक जादा तुकडीचा भाव सांगितला गेला असेल. ती चूक घर चालवणाऱ्यांची आहे, तुमची नाही. काय मिळणार, किती वेळा वाढणार, किती वाजता सुरू, किती वाजता आवरतं, हे आधीच लिहून कळवलं की पुढे दोघांनाही मोकळं वाटतं.

पाहुण्यांकडून माझ्या अपेक्षा थोड्याच आहेत. वेळेवर या. अर्धा तास लवकरही येऊ नका, तेव्हा मी केस विंचरत असते. कळवलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त आणू नका. सहा वर्षांचं मूलही पान घेतं, त्यामुळे तेही मोजा. यायचं रद्द करायचं तर शुक्रवारच्या आत सांगा, कारण शनिवारी पहाटे कोळीण माझ्यासाठी मासळी बाजूला काढते आणि मी तिला नाही म्हणत नाही. ताटाचे फोटो खुशाल काढा. माझ्या सासूबाई आतल्या खोलीत असतात, त्यांचे मात्र नको. दारू विकायला परवाना लागतो, तो माझ्याकडे नाही, आणि बाहेरून आणलेलीही मी चालू देत नाही. समोर बसलेली माणसं अनोळखी असतील, त्यांच्याशी दोन शब्द बोला. आमच्याकडे जांभळी नाक्याच्या एका व्यापाऱ्यांची आणि घोडबंदरच्या एका तरुण जोडप्याची अशीच ओळख झाली. आता ते तिघं मिळून तारीख घेतात.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून लागला की जांभळी नाक्यावर शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या तोंडी उगवणाऱ्या एका रानभाजीच्या, जुड्या घेऊन येतात. सोबत काकड नावाच्या रानझाडाची हिरवी आंबट फळं असतात. ही भाजी खाजरी. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकावा लागतो, चिरून तेलात चांगली परतावी लागते आणि काकडाचा आंबट रस घालावा लागतो, नाहीतर घशाला सुया टोचल्यासारखं होतं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, त्यांचा तो ताप. आम्ही सीकेपी यात सोडे घालतो. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी.

एका पाहुण्याबाईंनी मला आधी कळवलं होतं की त्यांना कोलंबी चालत नाही. मी त्यांच्या पानावर कोलंबीच्या खडखडल्याऐवजी बटाट्याचं केलं आणि निर्धास्त झाले. शेवळं माझ्या डोक्यात 'भाजी' या खान्यात होती. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ओठ चुरचुरायला लागले. मी म्हटलं, शेवळं खाजरी असतातच, थोडं आमसुलाचं पाणी घ्या. पाच मिनिटांत ओठ सुजले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या पर्समध्ये गोळी होती, शेजारचे डॉक्टर धावत आले, संध्याकाळपर्यंत त्या बऱ्या झाल्या. नशीब माझं. पण दोष पूर्ण माझा होता. घरच्या स्वयंपाकात आपण काय घालतो हे हातालाच इतकं सवयीचं झालेलं असतं की ते सांगायचं सुचतच नाही. शेवळात सोडे, वांग्यात सुकट, चटणीत जवळा, लाडवात दाण्याचं कूट. तेव्हापासून प्रत्येक पदार्थात काय काय पडतं ते मी लिहून बेताबरोबर पाठवते, आणि "काय आवडत नाही" आणि "काय खाल्लं की त्रास होतो" हे दोन वेगळे प्रश्न विचारते.

म्हणून घर निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघेन: तुम्ही नोंदणी करताना त्यांनी तुम्हाला काही विचारलं का? ज्या घरानं तुमच्या पथ्याची चौकशी केली नाही, तिथं जाऊ नका. दुसरं, बेत ऋतूप्रमाणे बदलतो का. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत माझा बेत सोडे, सुके बोंबील, सुकट, अंडी, रानभाज्या आणि खाडीचं जे मिळेल त्यावर चालतो. कुणी जुलैत मोठं ताजं पापलेट पानावर देण्याची हमी देत असेल, तर ते बर्फातलं आहे का असं स्पष्ट विचारा. तिसरं, ते "नाही" म्हणतात का. आज सकाळी फोन केला आणि दुपारी सहा जणांची सोय झाली, तर ते जेवण कुणाच्या तरी घरात शिजतंय असं मी समजणार नाही.

आता सासूबाईंबद्दल. मला मनापासून वाटतं की त्यांनी करावं. नेरूळच्या अवतीभवती सारसोळे, करावे, दिवाळे ही आगरी-कोळी गावं सिडकोच्या आधीपासूनची आहेत. शहर उभं राहिलं ते त्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर. पण सेक्टरांमधून राहणाऱ्या किती जणांनी त्या घरातलं जेवण चाखलंय? खाडीचा जिताडा, निवट्या, भरलेल्या चिंबोऱ्या, वाफाळती तांदळाची भाकरी. बाहेर 'आगरी थाळी' म्हणून जे मिळतं त्यात लाल तर्री असते, पण घरोघरी वेगळा असणारा मसाला नसतो. हे जेवण त्यांच्या हातून लोकांपर्यंत जायला हवं.

आधी त्यांना एकटीला विचारा, मुलाच्या आणि तुमच्या समोर नको. पुष्कळ घरांत सुनेला आणि मुलाला कल्पना आवडते आणि तीन दिवस उभं राहायचं असतं ते सासूबाईंना. त्यांचं मन असेल तर पैसे त्यांच्या खात्यात जमा होऊ द्या. माझ्या ओळखीची दोन घरं याच कारणानं बंद पडली. कष्ट एकीचे होते आणि हिशोब दुसऱ्याकडे.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्न विकायचं तर घरातूनही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. मी केली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरायची आणि फी वर्षाला १०० रुपये होती. आताचे आकडे त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर बघून अर्ज करा. चौदा अंकी क्रमांक मिळतो, तो दिसेल असा लावायचा आणि बेताच्या संदेशातही द्यायचा. गॅसकडे फार लोक दुर्लक्ष करतात. १४.२ किलोचा लाल सिलिंडर फक्त घरच्या स्वयंपाकासाठी आहे, धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. माझा मागच्या अंगणात, उघड्या हवेत असतो. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर व्यावसायिक वापराबद्दल गॅस कंपनीला आधी विचारा. विमा आणि जीव दोन्हीचा प्रश्न आहे.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या. तोंडी "हो हो, करा ना" हे नव्या कमिटीपर्यंतच टिकतं. आमच्याकडे तक्रार आली होती ती वासाची नव्हती, पार्किंगची होती. चार गाड्या गल्लीत लागल्या आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना रविवारी दवाखान्यात जायला गाडी काढता येईना. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली आणि तेव्हापासून पाहुण्यांना गाडी न आणण्याची विनंती करते. स्टेशनपासून आमच्याकडे चालत येता येतं. नेरूळला तुम्ही स्टेशनच्या किती जवळ आहात ते बघा. आणि महिन्यातून एकदा वरच्या-खालच्या घरांत वाटीभर काहीतरी पाठवा. मी ते काम साधण्यासाठी करत नाही, पण मसाल्याचा वास ज्यांच्या घरात जातो त्यांना चव मिळणं हा त्यांचा हक्क आहे असं मला वाटतं.

राहिला आकडा. माझे आठ तुमचे आठ असतीलच असं नाही. तुमच्याकडे अडलेली जागा भाकरीची असेल. तांदळाची भाकरी उकड मळून, थापून, भाजून तव्यावरून थेट पानावर गेली पाहिजे. दहा मिनिटं डब्यात राहिली तर चामट होते. सरावाच्या हातालाही एका तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटं धरा. पंगत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालते, म्हणजे चौदा-पंधरा भाकऱ्या. माणशी दोन-अडीच धरल्या तर एका तव्यावर सहाच माणसं. दुसरा तवा लावायचा तर भाजायला दुसरं माणूस हवं, आणि ते दर रविवारी हवं.

तेव्हा एका रविवारी पैसे न घेता घरच्याच माणसांना बसवा. सगळा बेत करा, सगळ्यांना एकदम वाढा आणि तुम्ही स्वतः पंगतीला न बसता घड्याळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा. शेवटच्या पानावरची भाकरी गरम आहे का ते हात लावून बघा. सासूबाईंना मध्ये दोन मिनिटं बसायला मिळालं का, तेही बघा. या दोन्ही गोष्टी जितक्या माणसांपर्यंत जमल्या, तितकेच पाट मांडा.